पाहुण्यास काय दाखवाल?

परगावचा पाहुणा घरी आला, म्हणजे चहापाणी झाल्यावर तो सहज विचारतो, "तुमच्याकडे पाहण्यासारखे काय आहे?" मुंबईच्या मुलास या प्रश्नाची अडचण वाटत नाही, तो समुद्राचे नाव घेतो. छत्रपती संभाजीनगरचा मुलगा वेरूळ-अजिंठ्याच्या लेण्यांचे नाव घेतो. परंतु बीड जिल्ह्यातील मुलास हाच प्रश्न विचारला, तर तो पुष्कळदा घोटाळतो. आपल्या जिल्ह्याविषयी त्याने लहानपणापासून ऐकलेले असते ते अवर्षणाविषयी. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी घरेदारे बंद करून निघणारी कुटुंबे त्याने पाहिलेली असतात. त्यामुळे "आमच्याकडे काय असणार?" असे म्हणून तो गप्प बसतो. हे उत्तर बरोबर नाही. पाहुण्याबरोबर चार दिवस हिंडावयाचे ठरविले, तर हा जिल्हा त्यास काय काय दाखवू शकेल, ते आपण पाहू.

प्रथम जिल्ह्याची ठेवण ध्यानात घेतली पाहिजे. बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटाचे डोंगर गेले आहेत. त्यांच्या माथ्यावर उंचवट्याचा, खडकाळ मुलूख आहे. उत्तरेस गोदावरीच्या काठाने काळ्या मातीचा सखल मुलूख आहे. या सखल भागास गंगथडी असे म्हणतात. पाऊस बेताचा आणि तोही बेभरवशाचा. अशा मुलखात मनुष्य वस्ती करतो, तेव्हा त्याचा पहिला विचार पाण्याचा असतो. कोठे झरा आहे, कोठे पाणी साठविता येईल, कोणत्या उताराने ते शेतापर्यंत नेता येईल, याचा शोध येथील लोकांनी शतकानुशतके घेतला. म्हणूनच या जिल्ह्यातील बहुतेक प्रेक्षणीय स्थळे पाण्याजवळ आहेत. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, म्हणजे पुढचा सर्व प्रवास समजण्यास सोपा जातो.

प्रवासाचा आरंभ बीड शहरापासून करावा. हे शहर बिंदुसरा नदीच्या काठी वसले आहे. पूर्वी येथे येण्यास मोटारीवाचून साधन नव्हते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून येथवर आगगाडी सुरू झाली. बिंदुसरा एरवी दुबळी दिसते. पात्रात पाण्यापेक्षा गोटेच अधिक असतात. परंतु १९८९ च्या जुलै महिन्यात याच नदीस असा पूर आला की, काठावरची कित्येक घरे वाहून गेली आणि माणसेही दगावली. कमी पावसाच्या मुलखातील नदीचे हे असेच असते. बाराही महिने ती वाट पाहावयास लावते आणि एखाद्या दिवशी दाणादाण उडवून देते.

शहरातील कंकालेश्वराचे मंदिर पाहुण्यास अवश्य दाखवावे. हे मंदिर एका चौरस कुंडाच्या मध्यभागी उभे आहे. कुंडात पाणी भरलेले असले, म्हणजे काळ्या पाषाणाच्या या वास्तूचे प्रतिबिंब चोहोंकडे पडते. मंदिर उत्तर चालुक्यांच्या काळातील असून त्यास तीन गाभारे आहेत. बाहेरच्या भिंती सरळ नाहीत; त्यांना कोनामागून कोन दिलेले आहेत. या कोनांमुळे दिवसभरात ऊन जसजसे फिरते, तसतशी भिंतीवरची एकेक मूर्ती उजेडात येते. देवदेवता आणि सुरसुंदरी यांच्याबरोबर हाती शस्त्र घेतलेल्या स्त्रियांच्या आकृतीही या भिंतींवर कोरलेल्या आहेत. त्या काळच्या शिल्पकाराने स्त्रीस शस्त्रधारिणी म्हणून दाखवावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. शहरात शहिनशाह वली यांचा दर्गाही प्रसिद्ध असून त्याच्या उरुसास निरनिराळ्या धर्मांचे लोक येतात.

शहराच्या दक्षिणेस सुमारे सहा किलोमीटर अंतरावर खजाना विहीर आहे. दुरून पाहणाऱ्यास तेथे विशेष असे काही दिसत नाही. जवळ जाऊन आत डोकावले, म्हणजे मात्र ही साधी विहीर नव्हे, हे कळून येते. सोळाव्या शतकात अहमदनगरच्या मूर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ही विहीर बांधविली. बांधणारा कारागीर राजा भास्कर या नावाने ओळखला जातो. विहिरीच्या तळाशी तीन भुयारे आहेत. त्यांपैकी दोहोंतून पाणी आत येते आणि तिसऱ्यातून ते बाहेर पडते. विहीर उंचवट्यावर आणि शेते सखल भागात असल्यामुळे पाणी आपोआप उताराने वाहत जाते. मोट नको, बैल नकोत, आणि यंत्रही नको. बीडजवळचा बलगुजार नावाचा मळ्यांचा भाग याच पाण्यावर भिजत आला आहे. विहीर बांधण्यात सारा खजिना खर्ची पडला, म्हणून तिला हे नाव मिळाले, असे लोक सांगतात. कडक उन्हाळ्यातही येथील पाणी टिकून राहते, असा तिचा लौकिक आहे. पाहुण्याबरोबर काठावर उभे राहून त्यास हे सर्व समजावून सांगावे. राजवाडे पुष्कळ ठिकाणी असतात. जमिनीचा उतार ओळखून चार शतकांपूर्वी केलेली अशी योजना फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते.

याच दक्षिण बाजूस कर्झनी गावाजवळ डोंगरावर एक चमत्कारिक कबर आहे. चौदाव्या शतकात दिल्लीचा सुलतान महंमद तुघलक या भागातून जात असता त्याचा एक दात पडला. सुलतानाचा दात तो! त्यास समारंभपूर्वक मूठमाती देऊन त्यावर घुमट उभारण्यात आला, असे इतिहासकार सांगतात. सलाबतखानाने खर्च केला तो विहिरीवर आणि सुलतानाने खर्च केला तो दातावर! दोन्ही वास्तू एकाच दिवशी पाहिल्या, म्हणजे कोणता खर्च लोकांच्या उपयोगी पडला, हे कोणास सांगावे लागत नाही.

पुढे मांजरसुंब्याचा घाट चढून गेले, म्हणजे बालाघाटाचा माथा लागतो. येथून जवळच कपिलधार हे स्थान आहे. डोंगराच्या कड्यावरून पाण्याची धार खाली कोसळते आणि तिच्या सान्निध्यात संत मन्मथस्वामी यांची समाधी आहे. मन्मथस्वामी हे वीरशैव संप्रदायाचे थोर संत होत. 'परमरहस्य' हा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहून धर्माचा विचार सामान्य जनांच्या भाषेत आणला. कार्तिकी पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्रातून, तसेच कर्नाटक आणि तेलंगण या राज्यांतून पायी दिंड्या येतात. टाळ-मृदंगाच्या नादात मराठी आणि कानडी बोलणारे यात्रेकरू एकाच दरीत उतरतात, तेव्हा भाषा भिन्न असल्याचे कोणाच्या ध्यानीही राहत नाही.

तेथून पश्चिमेस पाटोदा तालुका लागतो. भूगोल शिकणाऱ्या मुलांनी हा तालुका मुद्दाम पाहावा. मांजरा आणि सिंदफणा या दोन्ही नद्यांचा उगम याच परिसरातील डोंगरांत होतो आणि त्यांचे पाणी अखेर गोदावरीस मिळते. येथूनच विंचरणा नदी मात्र दुसऱ्या दिशेने सीनेकडे जाते. सीना भीमेस आणि भीमा कृष्णेस मिळते. डोंगराच्या एका अंगावर पडलेला थेंब गोदावरीत आणि दुसऱ्या अंगावर पडलेला थेंब कृष्णेत जातो, असे हे पाणलोटाचे ठिकाण आहे. विंचरणा नदी सौताडा गावाजवळ खोल दरीत उडी घेते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे. पावसाळ्याच्या अखेरीस गेले, तर धबधब्याचे तुषार अंगावर घेत दरी उतरण्याचा आनंद मिळतो. वैशाखात गेले, तर पाहुण्यास केवळ कोरडा कडा दिसेल. म्हणून या बाजूस श्रावण ते कार्तिक या महिन्यांतच यावे.

पाटोदा तालुक्यातच नायगाव येथे मोरांसाठी अभयारण्य आहे. ते १९९४ साली घोषित झाले. खुरट्या झाडीच्या, माळरानाच्या या भागात मोर पुष्कळ आहेत. ते पाहावयाचे, तर पहाटे निघावे, सावकाश चालावे आणि बोलू नये. मोर दिसला नाही, तरी त्याची केका ऐकू येतेच. परतीच्या वाटेवर दसऱ्याच्या सुमारास सीताफळांच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया भेटतात. बालाघाटाच्या खडकाळ उतारावर सीताफळ उत्तम येते. पाण्याची ओढ सोसणारे हे झाड गरीब माणसाचा आधार आहे. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पाहुण्यास ते अवश्य खाऊ घालावे.

आता पूर्वेकडे वळावे. वाटेत डोंगराच्या कडेवर धारूरचा किल्ला लागतो. विजापूरच्या आदिलशाहीतील सरदार किश्वरखान याने सोळाव्या शतकात तो बांधला. तटावरून दूरवरचा मुलूख दिसतो, परंतु आतील पाण्याची टाकी पाहिल्यावाचून परतू नये. पाणी नसते, तर हा तट कोणी आणि किती दिवस लढविला असता?

धारूरच्या पुढे अंबाजोगाई आहे. या एका गावासाठी एक संपूर्ण दिवस राखून ठेवावा. योगेश्वरी देवीचे मंदिर हे येथील मुख्य स्थान. कोकणातील अनेक घराण्यांची ती कुलस्वामिनी असल्यामुळे फार दूरदूरची माणसे पिढ्यान् पिढ्या येथे येतात. मार्गशीर्षात देवीचे नवरात्र बसते आणि पौर्णिमेस मोठा उत्सव होतो. गावाजवळ जयंती नदीच्या काठी हत्तीखाना नावाची लेणी आहेत. खडक वरून खाली खोदीत नेऊन त्यांचा मंडप आणि अंगण तयार केलेले असून अंगणात दगडी हत्ती उभे आहेत. याविषयी एक लोककथा आहे. योगेश्वरीचे लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरले. वऱ्हाड निघाले, परंतु वाटेतच मुहूर्त टळला. देवी येथेच राहिली आणि वऱ्हाडातील हत्ती जागच्या जागी पाषाण झाले. ही अर्थात कथा आहे. तथापि शिल्प पाहून लोकांच्या मनात गोष्ट कशी जन्मास येते, हे तिच्यावरून समजते.

मराठी भाषेचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकास या गावाविषयी आपुलकी वाटली पाहिजे. 'विवेकसिंधु' हा ग्रंथ लिहिणारे मुकुंदराज हे परंपरेने मराठीचे आद्यकवी मानले जातात. या ग्रंथाचा काळ शके १११०, म्हणजे इ. स. ११८८, असा सांगितला जातो. ज्ञानेश्वरीच्याही तो शंभर वर्षे आधीचा. मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर डोंगराच्या दरीत, झाडीत आहे. दुसरे थोर नाव सोळाव्या शतकातील दासोपंतांचे. त्यांनी प्रचंड ग्रंथरचना केली. त्यांची 'पासोडी' तर अपूर्वच आहे. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा विषय ओव्यांतून आणि आकृत्यांतून लिहून काढला. कागदाऐवजी कापड आणि पुस्तकाऐवजी पासोडी! आज वर्गात आपण भिंतीवर तक्ता टांगतो. दासोपंतांनी तत्त्वज्ञानाचा असा तक्ता चारशे वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने तयार केला.

याच गावी स्वामी रामानंद तीर्थ यांनी योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केले. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद मुक्तिसंग्राम लढला गेला आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा स्वतंत्र भारतात सामील झाला. नोव्हेंबर महिन्यात अंबाजोगाईस यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो. त्या दिवसांत पाहुणा आला असेल, तर त्यास शास्त्रीय संगीताच्या बैठकीस न्यावे. लहान गावात रात्री उशिरापर्यंत शांतपणे गाणे ऐकणारे श्रोते पाहून त्यास आश्चर्य वाटेल.

अंबाजोगाईहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर परळी वैजनाथ आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून या क्षेत्राची महाराष्ट्रात ख्याती आहे. मंदिर उंचवट्यावर असून तेथे जाण्यास रुंद दगडी पायऱ्या आहेत. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. महाशिवरात्रीस येथे अपार गर्दी लोटते. मंदिर पाहून झाल्यावर पाहुण्यास परळीच्या औष्णिक वीज केंद्राविषयीही सांगावे. दगडी कोळसा जाळून पाण्याची वाफ करावयाची आणि त्या वाफेने चक्रे फिरवावयाची, अशी तेथील रीत. हे काम १९७१ साली सुरू झाले. परंतु २०१३ साली जिल्ह्यात असा दुष्काळ पडला की, पाण्याअभावी केंद्रातील चक्रे थांबवावी लागली. कोळसा होता, यंत्रे होती, माणसेही होती; नव्हते ते केवळ पाणी. खजाना विहिरीच्या काठावर जे समजले नसेल, ते येथे समजते.

परतीचा मार्ग गंगथडीने घ्यावा. माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी आहे. पुरुषोत्तमाचे, म्हणजे विष्णूचे, हे मंदिर असून अधिक मासात येथे महिनाभर यात्रा असते. अधिक महिना तीन वर्षांतून साधारण एकदा येतो. त्यामुळे या यात्रेचे अप्रूप फार. यादव राजा रामचंद्र याच्या काळातील शके १२३२, म्हणजे इ. स. १३१० चा ताम्रपट याच गावी मिळाला. यादवांच्या राज्याच्या अखेरच्या दिवसांचा तो एक मोलाचा पुरावा होय.

नदीच्या वरच्या अंगास गेवराई तालुक्यात राक्षसभुवन आहे. शनीचे स्थान म्हणून यात्रेकरूंस हे गाव ठाऊक असते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांस ते आणखी एका कारणाने ठाऊक असावे. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथे मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. निजाम स्वतः काही फौजेसह गोदावरी उतरून पलीकडे गेला होता आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या सैन्यासह अलीकडे राहिला होता. गोदावरीस पूर होता. मराठ्यांनी नेमकी हीच वेळ साधली. पलीकडील निजामास साहाय्यास येता आले नाही, विठ्ठल सुंदर मारला गेला आणि मराठ्यांचा जय झाला. पानिपतानंतर अवघ्या अडीच वर्षांत मिळालेला हा विजय होता आणि त्या वेळी माधवराव पेशव्यांचे वय केवळ अठरा वर्षांचे होते. त्या काठावर उभे राहून गोदावरीचे विस्तीर्ण पात्र पाहिले, म्हणजे पुस्तकातील ती लढाई डोळ्यांपुढे उभी राहते.

अशी ही प्रदक्षिणा पुरी होते. तथापि दगडी वास्तू पाहिल्या, म्हणजे जिल्हा पाहिला असे नव्हे. माणसे पाहावयाची, तर उत्सवांच्या दिवसांत यावे. आषाढीपूर्वी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून पंढरीस जाते आणि मुक्ताबाईंची पालखी बीड शहरातून जाते. वाटेवरच्या गावांतील बाया भल्या पहाटे उठून वारकऱ्यांसाठी भाकरी थापतात. भगवानगड, गहिनीनाथगड अशा गडांचे नारळी सप्ताह गावोगाव होतात. ज्या गावास मानाचा नारळ मिळतो, ते गाव पुढल्या वर्षीच्या सप्ताहाचे यजमान. सात दिवस कीर्तन, भजन आणि पंगती चालतात. पाहुण्यास पंगतीत बसवावे. त्याचे नाव, गाव कोणी विचारीत नाही. पत्रावळीवर वाढीत मात्र राहतात.

गावोगावच्या जत्रा बहुधा चैत्र-वैशाखात भरतात. त्या सुमारास उसाचा हंगाम संपलेला असतो आणि तोडणीस गेलेली कुटुंबे घरी परतलेली असतात. सहा महिने कुलूप पडलेली घरे उघडतात, अंगणे सारवली जातात, आईबापांबरोबर फडावर गेलेली मुले पुन्हा सवंगड्यांत मिसळतात. देवाची पालखी निघते, कुस्त्यांचा आखाडा रंगतो, रात्री गोंधळी संबळ वाजवून कथा सांगतो. पाहुण्यास ही केवळ करमणूक वाटेल. गावकऱ्यांस तो वर्षातून एकदा सर्वांनी एकत्र भेटण्याचा दिवस असतो. ही गोष्ट त्यास हलक्या आवाजात सांगावी.

पाहुण्याबरोबर हिंडताना आपणही काही पथ्ये पाळली पाहिजेत. प्राचीन दगडावर नाव कोरू नये. विहिरीत, कुंडात काही टाकू नये. मूर्तीस शेंदूर किंवा रंग लावू नये, कारण त्याखाली कोरीव रेषा बुजून जातात. खजाना विहिरीने चार शतके लोकांस पाणी पुरविले आणि कंकालेश्वराचे शिल्प त्याहूनही अधिक काळ उन्हापावसात टिकून राहिले. त्यांची हानी उन्हापावसापेक्षा आपल्या उदासीनतेनेच अधिक व्हावयाची भीती आहे. "आमच्याकडे काय असणार?" असे म्हणणारा मनुष्य जे आहे तेही राखीत नाही.

तेव्हा पुढल्या सुट्टीत कोणी पाहुणा आला आणि त्याने तोच प्रश्न विचारला, तर घोटाळू नका. त्यास आधी तांब्याभर पाणी द्या आणि म्हणा, "चला, हे पाणी आमच्या पूर्वजांनी कसे राखले, ते दाखवितो." तो आपण होऊन निघेल.